देवाचा कोंबडा

आमच्या घरात जे पहिलं येईल ते देवाचं. झाडाचं पहिलं लिंबू, माझा पहिला पगार, आणि अंड्यातून सर्वांत आधी बाहेर पडलेलं पिल्लूसुद्धा. बाबांचा हा नियम वरणगावातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. त्या वर्षी त्यांनी अशाच एका पिल्लाच्या पायात लाल दोरा बांधला आणि जाहीर केलं, की कापणीच्या सणाला हा चर्चमध्ये जाईल.

पिल्लाचा कोंबडा झाला आणि पहाटे साडेचारला आरवू लागला. बाबांची प्रार्थना त्याच वेळेची, त्यामुळे ते भलतेच खूश. मोबाइलच्या गजरावर त्यांचा विश्वास नव्हता. बोट लावलं की गप्प बसतो, तो काय माणसाला उठवणार, असं त्यांचं म्हणणं. मी चटईवर बसल्या बसल्या पेंगायची. बाबा एक अध्याय वाचायचे, आई गीत सुरू करायची, आणि 'आमेन' बहुधा माझ्याविनाच व्हायचं. कोंबड्याची मान मुरगळावी असं मला रोज वाटे.

बाबांचा मात्र त्याच्यावर जीव जडला. कामावरून आले की चहाच्या आधी त्याची विचारपूस. तळहातावर ज्वारी घेऊन ते अंगणात उकिडवे बसत. आई शिंदखेड्याकडची, ती स्वयंपाकघरातून बजावायची, "आपला नही, देवना शे तो." बाबा मान डोलवायचे आणि आणखी मूठभर ज्वारी आणायचे. ते बघून मलाही त्याचा लळा लागला, काय करणार.

सणाच्या दिवशी उपासनेनंतर लिलाव होतो. केळीचे घड, भरताची वांगी, कोंबड्या, जे लोकांनी अर्पण केलं असेल ते विकून पैसे चर्चला जातात. बरेच जण आपलीच वस्तू बोली लावून परत नेतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तुम्हीही कोंबडा परत घ्या, असं मी आदल्या संध्याकाळी म्हणून पाहिलं.

"परतच आणायचं, तर दिलं कशाला?" बाबा म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढंच वाईटही वाटलं.

लिलावात बोली लावायला उभा राहिला आमच्या चर्चचा आचारी. त्याच्या हातच्या रश्श्याचं मीच कैकदा कौतुक केलेलं. बाबा दोन्ही हात मांडीखाली दाबून जमिनीकडे बघत होते. इतक्यात मागच्या खुर्चीवरून कुणीतरी बोली चढवली.

आमचे शेजारी शेठजी होते. जैन माणूस, किराणा दुकान, आमच्या त्यांच्या घरांत एकच भिंत. दरवर्षी सणाला आमंत्रणाला मान देऊन यायचे आणि केळीचा घड घेऊन जायचे.

"शेठजी, हा कोंबडा आहे," लिलाव करणारे पंच हळूच म्हणाले.

"दिसतोय मला," शेठजी म्हणाले. "माझं पहाटेचं ध्यान, आमची सामायिक, याच्याच भरवशावर चाललंय. हा गेला तर मला उठवणार कोण? आणि डोळ्यांदेखत जीव जाऊ द्यायचा नसतो आमच्यात."

आचारी हसत खाली बसला. त्यापुढे कुणी बोली लावली नाही. बाबांनी वर पाहिलंच नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला भिंतीच्या पलीकडून आरवणं ऐकू आलं, पाठोपाठ शेठाणीबाईंचं करवादणं. बाबा चटईवर गुडघे टेकून होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. मला आधी वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"प्रभू, तुझ्या कोंबड्याला सांभाळ," कसेबसे सावरून ते म्हणाले, "आणि त्याला सांभाळणाऱ्यालाही."

त्या पहाटे सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं.