सवच्या कुंडावरची माफी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या शाळेत मास्तर होतो आणि स्वतःला अर्धा संत समजत होतो. घर नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. तिकडे असताना मी चर्चला जायचो ते आई दारात उभी राहायची म्हणून. इकडे एकटा पडलो, शास्त्र वाचायला लागलो आणि ते थेट डोक्यात गेलं. रविवारी महाडला उतरायचो. आमची मंडळी जेमतेम पंधरा माणसांची, एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत जमायची. मी प्रार्थनेला उभा राहिलो की म्हाताऱ्या बायका चपला शोधायला लागायच्या.

पाळकसाहेब महिन्यातून दोनदा पनवेलहून यायचे. त्यांनी एकदा ठरवलं, की मंडळीतल्या प्रत्येक तरुणाला एका वडीलधाऱ्या माणसाकडे सोपवायचं. विश्वास नुसता वाचायचा नाही, जगायचा कसा, हे त्या माणसाने शिकवायचं. माझ्या वाट्याला बाई आल्या. बाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स, महाडजवळच्याच एका गावच्या. वय सत्तरीच्या पुढे, आणि अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुया टोचलेल्या.

पहिल्या दिवशी मी नवी वही घेऊन गेलो. बाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या.

"वही कशाला? बस, डोकी मोड," त्या म्हणाल्या. मी सुकटीची डोकी मोडायला लागलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला राग कुणाचा येतो?"

"कुणाचाच नाही, बाई."

"मग घरी जा. तुला येशूची गरज नाय."

मी गेलो नाही. आणखी मूठभर सुकट झाल्यावर तोंडातून निघालंच. आमचे हेडमास्तर रोज साडेअकराला शाळेत उगवायचे, म्हणून मी पंचायत समितीला निनावी तक्रार केली होती. त्यांना ताकीद मिळाली होती. सत्याची बाजू घेतली म्हणून मी मनातून खूश होतो.

"निनावी," बाई म्हणाल्या. "म्हणजे सत्य तू बुरखा घालून पाठवलंस."

"पण ते खरंच उशिरा येतात!"

"येतो तो, म्हायती हाय मला. जन्माचा आळशी. त्याच्या दोन्ही पोरांच्या वेळी मीच होते. बायको कळा देत होती आणि हा बाहेर बाकड्यावर घोरत होता. पण तोंडावर सांगायची हिंमत नव्हती तर पत्र कशाला लिहिलंस? उद्या जा नि सांग, मी लिहिलं म्हणून."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हेडमास्तर विरघळतील, मला जवळ घेतील, कदाचित ख्रिस्ताबद्दल दोन प्रश्नही विचारतील. तसं काहीही झालं नाही. ते पान चघळत शांतपणे म्हणाले, "पत्र दाखवलं मला तिथं. अक्षरावरून ओळखलं होतं. बरं झालं सांगितलंत." आणि त्याच दिवसापासून शाळेची सगळी ऑनलाइन माहिती भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या शाळेत रेंज फक्त मागच्या टेकाडावर यायची. वर्षभर मी मोबाइल घेऊन ते टेकाड चढलो. बाईंना सांगितलं तर त्या खो खो हसल्या. "छान. तब्येत सुधारेल."

त्यानंतर मला बाईंचा आदर वाटायला लागला आणि थोडा सूडही घ्यावासा वाटायला लागला. संधी प्रभूभोजनाच्या रविवारी मिळाली. मंडळीत एक निवृत्त एसटी कंडक्टर काका होते, महाडजवळच्या सव गावात राहणारे. भाकरीचं ताट फिरवायचं काम त्यांच्याकडे होतं. बाई त्यांच्या हातून ताट घेत नाहीत, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. आधी ते मी घ्यायचं, मग माझ्याकडून त्या घेणार. नंतर जिन्यात मी विचारलं.

"अकरा वर्षं बोलत नाय मी त्याच्याशी," बाई म्हणाल्या. "नाताळात सगळ्यांसमोर म्हणाला, बाईंचं गाणं म्हणजे घाटात पडलेला एसटीचा गिअर."

मला हसू आलं. पण मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "मग बाई, तोंडावर जाऊन मिटवा की."

"तू मला शिकवतोस?" असं म्हणून बाई खाली उतरल्या. पुढचे दोन रविवार त्यांनी माझ्या सलामालाही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या रविवारी उपासना संपताच म्हणाल्या, "रिक्षा बघ. सवला जायचंय. तो आज आला नाय."

रिक्षा सवजवळ आली तेव्हा त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मी पण बोलले होते त्या दिवशी. तुझ्या प्रार्थना लांबतात, कारण घरी तुझं ऐकणारं कुणी उरलं नाय, असं म्हटलं मी त्याला. त्याची बायको जाऊन तीन महिने झाले होते." अकरा वर्षं त्यांनी गिअरची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. ही बाजू कुणालाच सांगितली नव्हती.

काका घरी नव्हते. गुडघे धरले होते, म्हणून गरम पाण्याच्या कुंडावर गेले होते, असं सुनेने सांगितलं. आम्ही तिकडे गेलो. काका गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते आणि कपडे काठावर ठेवले होते. बाईंना बघून ते हनुवटीपर्यंत खाली गेले.

मी म्हणालो, "बाई, थांबू या. त्यांना बाहेर येऊ दे."

"आत्ता नाय बोलले तर परत बोलणार नाय," असं म्हणून बाई काठावर बसल्या. "कंडक्टर, तुझ्या बायकोवरून बोलले ते पाप होतं माझं. माफ कर."

काकांचं डोकं तेवढं पाण्यावर होतं, वाफेने लाल झालेलं. ते म्हणाले, "खरं होतं ते. म्हणून तर लागलं." मग तोंडावर पाणी मारून म्हणाले, "केली माफ. आता तोंड फिरव, बाई. मी शिजतोय इथं."

बाईंनी तोंड फिरवलं. त्या रडत होत्या, हे माझ्या एकट्याच्या लक्षात आलं. काय करावं ते मला सुचेना. प्रार्थना म्हणू का, असं विचारलं.

"नको," दोघंही एकदम म्हणाले.

मग काकांनी त्यांच्या ओसरीवर चहा पाजला. बाईंनी त्यांचा गुडघा दाबून पाहिला, त्यांना डॉक्टर बदलायला सांगितलं आणि आम्ही निघालो.

त्यांची मैत्री वगैरे झाली नाही. पुढच्याच रविवारी पंख्यावरून दोघांची जुंपली. काकांना तो बंद हवा होता, बाईंना पाचवर. पाळकसाहेबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी गीतपुस्तकात तोंड घातलं. अकरा वर्षांनी दोन माणसं एकमेकांशी भांडत होती, आणि मधे पडण्याइतका मूर्ख मी आता राहिलो नव्हतो.