चार ओहमची भूक

आमच्याकडे स्पीकर आले त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आम्ही कपाटं घेतली. छातीपर्यंत उंच, अक्रोडी रंगाची ती जोडी टेम्पोतून उतरवताना चौघांना घाम फुटला. शेजारच्या काकू हळदीकुंकवाचा करंडा घेऊन तयारच होत्या. बीडमध्ये गिरणी येवो नाहीतर फ्रीज येवो, कुंकवाचं बोट लागल्याशिवाय बटण दाबत नाहीत. काकूंनी जाळी काढून थेट मधल्या चकचकीत घुमटाकडे बोट नेलं. तो घुमट रेशमी कापडाचा असतो आणि बोटाने आत बसतो. मी मध्ये आडवी आले. शेवटी लाकडाच्या बाजूला कुंकू लागलं, नारळ फुटला आणि काकू जराशा नाराज होऊन पेढा घेऊन गेल्या.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझे यजमान साखर कारखान्याच्या टर्बाइन हाऊसमध्ये फोरमन होते. त्या घरघराटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना ते पुस्तकाशिवाय कळलं. आता त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत.

स्पीकरची हौस माझी, असं सगळे समजत होते, आणि मीही तसंच समजू दिलं. खरी गोष्ट वेगळी होती. लग्न होऊन मी कारखान्याच्या कॉलनीत आले तेव्हा मला ध्वनीची सूत्रं येत होती, गाणं कळत नव्हतं. ते त्यांनी शिकवलं. ड्यूटीवरून आले की चहा घेऊन टेपरेकॉर्डर लावायचे आणि मला म्हणायचे, "सूर राहू दे, आधी सम धर." ताल फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतो ती जागा म्हणजे सम. तिथे त्यांचा हात मांडीवर पडायचा. मी त्या हाताकडे बघून गाणं शिकले. भांडण असो, पाहुणे असोत, संध्याकाळची ती बैठक आम्ही मोडली नाही.

मग तो हात उशिरा पडू लागला. मग कुठेही पडू लागला. पुढे तर ते नुसते बसत, आणि आवाज वाढवला की तोंड वाकडं करून कानातली यंत्रं काढत. संभाजीनगरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही यंत्रं बोलण्यासाठी बनवलेली असतात, गाण्याचं काही सांगता येत नाही. आवाज मोठा पण स्वच्छ मिळाला तर कदाचित फरक पडेल. त्या एका 'कदाचित'वर मी ही सगळी उठाठेव केली. मला त्यांचा हात परत समेवर हवा होता.

स्पीकर निवडायला फार वेळ लागला नाही. पुण्याच्या दुकानात ते ऐकले आणि बाई गात होती तिचा श्वाससुद्धा कळला. दुकानदार भला माणूस होता. त्याने बजावलं होतं, "मॅडम, हे खादाड आहेत. ॲम्प्लिफायर जपून निवडा." मी मान हलवली. ओहमचा नियम मी त्याच्या जन्माआधीपासून शिकवत होते, एवढा ताठा माझ्यात होताच.

खादाड म्हणजे काय, ते सोपं आहे. बहुतेक स्पीकर आठ ओहमचे असतात. हे चारचे, आणि खर्जाच्या सुरांना तीनच्याही खाली उतरणारे. अडथळा जितका कमी, तितका प्रवाह जास्त ओढला जाणार. वर यांची संवेदनशीलता कमी, म्हणजे खाणार पोटभर आणि आवाज देणार बेताचा. घरातला जुना ॲम्प्लिफायर चांगल्या जातीचा होता, पण लहान. हळू आवाजात गोड वाजायचा. यजमानांना ऐकू यावं म्हणून बटण पुढे सरकवलं की तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, फाटायचा आणि बाईच्या आवाजाला काटे फुटायचे. लोकांना वाटतं, मोठा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो. बऱ्याचदा जाळतो तो लहानच, त्याच्या कुवतीबाहेर ओढलेला. मी घाबरून तो काढून ठेवला.

ही बातमी आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्याला कळली. लग्नाच्या वरातींना साउंड लावणारा हा गडी. मनाने मोठा, गळ्याने त्याहून मोठा. त्याने न विचारता आपला एक ॲम्प्लिफायर दोन पोरांच्या खांद्यावर पाठवला आणि मागोमाग स्वतः आला.

"मॅडम, तुमच्या त्या डबीनं काय व्हतंय? ह्यो लावा. पार सुभाष रोडपस्तोर आवाज जाईल."

"मला सोफ्यापर्यंतच न्यायचाय," मी म्हणाले.

"मंग सोफा हालंल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

प्रवाह द्यायला त्याचं यंत्र कमी पडलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याला थंड ठेवायला मागे पंखा होता आणि आलापीच्या शांततेत तो पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. यजमानांच्या श्रवणयंत्रांनी इमानाने तो पंखाच मोठा करून त्यांच्या कानात घातला. ते म्हणाले, "कारखान्यात बसल्यावानी वाटतंय." मंडपवाल्याला चहा पाजून, त्याचं यंत्र परत पाठवलं.

मग पुण्याहून तो खरा ॲम्प्लिफायर आला. दुकानदाराने महिनाभर घरी वापरून बघायच्या बोलीवर दिला होता. वजन एवढं, की टीव्हीचं टेबल वाकेल म्हणून तो जमिनीवर पाटावर ठेवला. कागदावर सगळं जुळत होतं. आठ ओहमला जितकी ताकद, चारला जवळपास दुप्पट, आणि तीनच्या खाली गेला तरी दम न सोडणारा. मी आकडे वहीत नाही, डोक्यातच पुन्हा पुन्हा ताडून बघितले. यजमानांनी दिवाणखान्यात स्वतःच्या हाताने जोडणी करून दिली, कारण विजेच्या कामाला ते मला हात लावू देत नाहीत.

आणि तो तसाच वाजला. म्हणजे जुन्यापेक्षा बरा, पण जोर लागला की आवाज आकसायचा. बायाँचा घुमारा अर्ध्यात विझायचा. मी स्पीकरच्या तारा बदलल्या, ते भिंतीपासून पुढे ओढले, मागे ढकलले, कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या. यजमान दर संध्याकाळी येऊन बसत, हात मांडीवर ठेवत. हात पडत नव्हता. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणत, "लई चांगलं हाय." मला त्यांचा राग यायचा, कारण चांगलं नव्हतं हे मला ऐकू येत होतं.

मी हात टेकले होते. दुकानदाराला फोन करून सांगितलं की यंत्र परत पाठवते. तो म्हणाला, "मॅडम, असं होऊ शकत नाही." मी म्हणाले, होतंय.

दुसऱ्या दिवशी परत पाठवायचं म्हणून मी टेबलामागची धूळ पुसत होते आणि सवयीने गाणं चालू होतं. टेबलामागे आमचा जुना स्टॅबिलायझर आहे, दर्शनी बाजूला व्होल्टेज दाखवणारी सुई असलेला. ती सुई नाचत होती. मी फडकं हातात घेऊन खाली बसले. बायाँवर थाप पडली की सुई खाली, थाप विझली की वर. तालात, अगदी बरोबर.

वर्गात मी मुलांना सांगायची की विजेचं मंडळ पूर्ण बघा, अर्धं बघू नका. आणि मी स्वतः ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतचंच मंडळ बघत बसले होते. भिंतीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतचं बघितलंच नव्हतं, कारण ते बघण्यासारखं काही आहे असं आमच्याकडे कुणाला वाटतच नाही. शेतीपंपांचा लोड आला की इथलं व्होल्टेज पडतं, लोड गेला की उसळतं. त्यामुळे घरात आलेली प्रत्येक किमती वस्तू आधी स्टॅबिलायझरला बांधायची, हा आमचा धर्म. यजमानांनी अत्यंत काळजीने त्या राक्षसाला टीव्हीपुरत्या स्टॅबिलायझरवर जोडलं होतं. बिचारा तोच उपाशी होता, तो स्पीकरला काय वाढणार?

मला आधी हसू आलं, मग चिंता वाटली. कारण पिन काढायची तर यजमानांना सांगावं लागणार होतं.

"थेट भितीला? कावून?" ते म्हणाले. "व्होल्टेज चढलं तर जळंल की."

मी त्यांना सुई दाखवली. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. फोरमन होते, लगेच समजलं.

"म्या गळा दाबला व्हय ह्याचा," ते म्हणाले आणि स्वतःच पिन काढून थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लावली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या सर्वात आवडत्या बाईंची सीडी लावली. आवाज त्यांना लागतो तितका मोठा केला. काहीही फाटलं नाही. बायाँ जमिनीतून उठून पायाला लागत होता आणि त्यावर बाईंचा आवाज निर्मळ उभा होता. विलंबित आवर्तन फिरत फिरत आलं आणि यजमानांचा हात मांडीवर पडला. बरोबर समेवर. पुढच्या आवर्तनाला पुन्हा. ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे माझं बघून करत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी गाणं ऐकायचंच विसरले. वाटलं, जिंकले.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "चांगलं वाजतंय. कोन गात व्हतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते.

"ओळखलं नाही तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. "तबला कळला आज. लई दिसानं कळला. बाईचा सूर न्हाई कळत. कानात नुसती किरकिर व्हती, बाई हाय का बाप्या, त्ये बी समजंना."

"आजच?"

"न्हाई. लई दिस झाले."

मला रडू आलं नाही, संताप आला. एवढे दिवस मी गाद्या उभ्या करत होते, तारा ओढत होते, दुकानदाराशी वाद घालत होते. "मग सांगितलं का नाही? रोज 'लई चांगलं हाय' म्हणत कशाला बसत होतात?"

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू बी ऐकायचं सोडलं असतंस."

हे खरं होतं. मी एका झटक्यात सगळं विकून टाकलं असतं आणि त्यागाचा मोठेपणा मिरवत टीव्हीसमोर बसले असते. त्यांना मी पुरती माहीत होते. त्या माणसाविषयी मला इतकी माया दाटून आली, की दुसरी सीडी लावताना तिच्या डबीचं झाकण पटकन उघडेना.

आवाजाच्या बटणाकडे माझा हात सवयीने गेला. ते म्हणाले, "माज्यासाठी नगं. तुला पायजे तेवढा ठेव." मी माझ्या कानांना पुरेल इतकाच आवाज ठेवला. त्यांना त्यातलं काहीही ऐकू येणार नव्हतं. गाणं संपेपर्यंत ते उठले नाहीत.