टीव्ही हाक मारत नाही

गावात टीव्ही आला तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल अढी होती. बसवकल्याणच्या माझ्या दुकानात मिक्सरमध्ये डाळ वाटून दाखवायची आणि बोलून बोलून गिऱ्हाईक जमवायचं, ही रीत माझी. टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या बाईने तीच उचलली. शेजारचा भांडेवाला चिडवायचा, "उद्या सामान बी टीव्हीतूनच विकतील. तुमचं दुकान बंद!"

मुडबीची एक अक्का माझी जुनी गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नात द्यायला तिला जाहिरातीतलाच मिक्सर हवा होता. मी भाव सांगितला, तिने निम्म्याला मागितला. माझं डोकं फिरलं. "मग टीव्हीलाच माग की!"

ती उठून चालू लागली. असं उठलेलं गिऱ्हाईक चार दुकानं पुढे गेलं की दुकानदाराने हाक मारायची, हा आमच्या बाजाराचा रिवाज. मी मारली नाही. ती बांगड्यांच्या दुकानापाशी उगीच रेंगाळली. लग्नसराईतलं गिऱ्हाईक हातचं जात होतं, तरी मी मिक्सर पुसत बसलो.

शेवटी तीच तणतणत परत आली. "अण्णा, हाक कामून मारली न्हाईस?"

"टीव्ही मारतो का?"

"न्हाई मारत. म्हणून तर मुडबीहून इथं आले!"

भांडेवाला खो खो हसला. मी चहा मागवला आणि भाव उतरवला. जरा जास्तच उतरवला, त्याचा राग अजून आहे. पण टीव्हीची धास्ती मात्र त्याच दिवशी गेली.