पाय सांग, चोच सांग

फोनवर अण्णांचा मुलगा होता. ‘‘काका, बाबा नहीं रहे,’’ एवढंच म्हणाला. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतो म्हणून अण्णा त्याच्यावर कायम कुरकुरायचे. फोन ठेवून मी स्कूटर काढली...

अण्णा केळकर बँकेतले माझे वरिष्ठ. साताऱ्याहून बदली होऊन लखनौला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मुलासाठी राहिलो, असं सांगत. खरं कारण शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या पुढे, शेतांच्या मधोमध होतं. तिथल्या खोलगट जागी पावसाचं पाणी साचायचं आणि होळीपर्यंत आटून जायचं. तेवढ्या महिन्यांत उतरणाऱ्या पक्ष्यांसाठी हा माणूस दर रविवारी मला स्कूटर काढायला लावायचा. मी पक्का बडबड्या. तिथे तोंड उघडलं की डोळे वटारायचे. मला पक्ष्यांत फारसा रस नव्हता, अण्णांत होता, म्हणून मी गप्प बसायचो.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. आता ते रविवार संपले, असं मी धरून चाललो होतो. फार वाईट वाटलं. पण त्यांचाच फोन आला, स्कूटर काढ म्हणून. काठावर बसल्यावर काय दिसतंय ते सांग म्हणाले. इतक्या वर्षांनी बोलायची परवानगी मिळालेली, मी उत्साहाने सुरू झालो. एक बगळा आहे, पलीकडे आणखी एक बगळा... अण्णा वैतागले.

‘‘तुझे सगळे बगळेच असतात. नाव नको सांगूस. पाय सांग, चोच सांग.’’

मग नीट पाहिलं. पाय लांब, गुलाबी, काडीसारखे. पंख काळे, पोट पांढरं, चोच सरळ आणि बारीक. ‘‘शेकाट्या,’’ अण्णा म्हणाले आणि असे खुलले की त्यांना तो दिसलाच असावा. तेव्हापासून मी सांगायचं आणि त्यांनी ओळखायचं, अशी वाटणी झाली. तुम्ही त्यांचे डोळे झालात, असं वहिनी म्हणायच्या. मला विचाराल तर बघायला मीच तेव्हा शिकलो.

गेल्या रविवारी एकटाच गेलो. पाणी आटत आलंय. चिखलात एक छोटा पक्षी चोच खुपसत होता, मी कधी न पाहिलेला. मी मोठ्याने सांगत गेलो. पाय पिवळसर, पाठीवर बारीक ठिपके, चोच सरळ, शेपूट सारखी खालीवर. काही सांगायचं राहिलं नाही ना, म्हणून पुन्हा एकदा पाहिलं. मग नाव ऐकायला थांबलो...