पाण्याचे चार थेंब

सबनीसकाकांना साधा पाण्याचा ग्लास दिला तरी ते आधी तो नाकाशी नेत. मीरा रोडला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच चहाला त्यांनी तसं केलं आणि माझी बायको ओशाळली. "काका, दूध ताजं आहे."

"माहितीये. वेलची जुनी आहे," काका हसत म्हणाले.

दारूच्या कारखान्यात वास घेऊन व्हिस्कीचं मिश्रण ठरवणं, ही त्यांची जन्मभराची नोकरी. "घाई काय आहे? आधी नाकाला विचार," हे पालुपद. भाजीवालाही सुटत नसे. "भैया, ये धनिया कल का है!"

मग दिवाळीच्या आधी एका तापात त्यांना वासच येईनासा झाला. बाजूलाच गॅसवर दूध करपून काळं झालं तरी कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, सांगता येत नाही. जेवताना काका म्हणत, "कागद चावतोय." मुलीनं परदेशातून आणलेली, अठरा वर्षं पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की त्यांनी माझ्या हातात ठेवली. "तू घे. इथे नुसती पडून राहील."

"मग निदान प्यायची कशी ते शिकवा," मी म्हणालो.

रविवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी बसलो. काकांनी थोडीशी ओतली. "हुंग. तोंड जरा उघडं ठेव."

"झोंबतेय हो."

"झोंबणारच. आता बघ." त्यांनी चमच्यानं पाण्याचे चार थेंब सोडले. "पाण्यानं ती सैल होते, बोलायला लागते. काय म्हणतेय?"

मला मध वाटला, पिकलेलं फळ वाटलं. नीट सांगता येईना.

"आण इकडे." काकांनी सवयीनं ग्लास नाकाशी नेला आणि तसेच थांबले.

"धूर," ते पुटपुटले. मग ओरडलेच, "अगं, धूर येतोय!"

काकू स्वयंपाकघरात धावल्या. "गॅसवर काही नाहीये हो!"

"गॅसवर नाही गं, ग्लासात!"

काकू दारातच थबकल्या. काकांनी पुन्हा हुंगलं. "अंधूक आहे. पण आहे."

एक घोटही न घेता ते उठले, आत जाऊन मसाल्याचा डबा उघडून बसले. "हळद नाही येत. लवंग येतेय... हिंग येतोय!" प्रत्येक वाटी नाकाशी नेत होते. काकू डब्यावरून वाकून बघत होत्या. काकांनी मान वर केली आणि हुंगून विचारलं, "डोक्याचं तेल बदललंस?"

"दिवाळीतच बदललं," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या.