सूर्याशी शर्यत

सूर्याशी रोज शर्यत लावून रोज जिंकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ते म्हणजे सांगलीतले आमच्या समोरच्या घरातले अण्णा. ते जैन, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. तुम्ही मुलं रात्री दहाला फ्रीज उघडता, म्हणून मुद्दाम सांगते. एकदा वाईचं लग्न आटोपून आम्ही एसटीनं परतत होतो, तर कराडच्या अलीकडेच उन्हं उतरली. अण्णांनी भर गर्दीत उभ्यानं डबा उघडला. एक हात दांड्याला, म्हणून शेजारच्या अनोळखी प्रवाशाला भाकरी मोडून द्यायला लावली आणि त्यालाही चार घास खायला घातले. आग्रह हे त्यांचं दुसरं वेड. पानावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून आमटी सोडायचे.

भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आमची गल्ली अंगणात एकत्र जेवायची. उजेड असतानाच, अण्णांसाठी. आणि भोगीच्या भाजीत गाजर नसायचं, तेही अण्णांसाठी, त्यांना कंदमुळं चालायची नाहीत. माझ्या सासूबाईंना ती भाजी मुकी वाटायची, पण दोनदा मागून घ्यायच्या.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला भोगी नेमकी रमजानात आली. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांच्या घरी सगळ्यांचे रोजे. अण्णा सूर्यास्तानंतर खाणार नाहीत, मास्तर सूर्यास्ताआधी खाणार नाहीत. माझी वेळापत्रकाची खोड तुम्हाला ठाऊक आहे. मी सुचवलं, एक जेवण पाचला, दुसरं सातला. ज्यानं त्यानं आपल्या वेळेला यावं. ते ऐकून मास्तर नम्रपणे म्हणाले, की आमच्या एका घरापायी सगळ्यांची ओढाताण नको, यंदा आम्ही येत नाही. इतक्या वर्षांत गल्लीतलं एक घर पहिल्यांदाच गळणार होतं.

अण्णा तडक दुकानात गेले आणि शिलाई मशीनशेजारी बसकण मारून म्हणाले, "मास्तर, तुमी न्हाई तर मीबी न्हाई. मग वहिनींनी एकटीनंच जेवावं घड्याळ लावून."

तोड त्यांनीच काढली. सगळ्यांनी सगळा वेळ थांबायचं, आणि जो जेवत नाही त्यानं वाढायचं. त्या दिवशी मास्तर सुकल्या ओठांनी आमच्या पंगतीत बाजरीची भाकरी वाढत होते. भाजीत मीठ बरं आहे का, हे त्यांना चाखता येईना, म्हणून ते प्रत्येकाचा चेहरा निरखत होते. एरवी रवंथ केल्यासारखे सावकाश जेवणारे अण्णा पाच मिनिटांत हात धुऊन उठले. अजान झाली तेव्हा मास्तरांसमोर खजूर आणि पाण्याचा पेला घेऊन तेच उभे होते. "आता बोटांतनं आमटी सोडतो का न्हाई बगा," असं म्हणून त्यांनी मास्तरांचं पान भरलं.

दोन-तीन वर्षांनी रमजान मागे सरकला. आता दोघांना एका पंगतीत बसता येणार होतं. अण्णा सकाळपासून खुशीत. दोघांचे पाट त्यांनी स्वतः शेजारी मांडले. पण बाकीची पंगत उठली, तरी दोघं भांडी हातात धरून उभेच.

"आधी तुम्ही बसा, अण्णा. मी वाढतो."

"आवं, लय वाढलंय तुमी. आज तुमी बसा."

मी घड्याळ दाखवत होते, पण माझ्याकडे कोण बघतो. शेवटी दोघं पाटावर टेकले, तेव्हा उन्हं गेली होती. अण्णा शर्यत हरले, ते तेवढं एकदाच. मास्तर पार ओशाळले. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या, मास्तर. आज माझा रोजा समजा."

मास्तरही त्या रात्री जेवले नाहीत, हे मला त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. संक्रांतीच्या सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर मी दार उघडलं, तर दोघं अण्णांच्या कट्ट्यावर बसून गरम भाकरी खात होते, एकाच ताटात.

आता दोघंही नाहीत. घरातली सगळी घड्याळं मी अजून बरोबर लावलेली असतात, पण उन्हं कलली की माझी नजर आधी त्या कट्ट्याकडे जाते.