म्हशीशी हिब्रू, बायकोशी आफ्रिकान्स

समोरच्याला धक्का देण्यासाठीच जन्माला आलेला, माझ्या थोरल्या साडूंसारखा दुसरा माणूस आमच्या उभ्या नात्यात नाही. मादन हिप्परग्याला त्यांचं घर. सरकारी नोकरीत गुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. मुलं त्यांना अप्पा म्हणतात, बाकी सगळे अण्णा. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर अण्णा गोठ्यात कानात इअरफोन घालून म्हशीला म्हणत होते, "बोई हेना! बोई हेना!" आणि म्हैस खरोखर त्यांच्याकडे चालत आली. मी हबकून विचारलं, "अण्णा, हे काय?" तर शांतपणे म्हणाले, "हिब्रू. इकडं ये, म्हणायलोय. रेडा असता तर 'बो' म्हणलो असतो. हिब्रूत आपल्यासारखंच, बाईला येगळं, गड्याला येगळं. आफ्रिकान्समधी तसं काई न्हाई. म्हैस आला, रेडा आला, समदं एकच. गाभण कोण हाय ते क्रियापदावरून कळतच न्हाई!"

गुरांचा डॉक्टर या दोन भाषांच्या नादी का लागला, ते अक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, चहा देता देता सांगितलं. मुलगा इस्राएलमध्ये शेतीच्या संशोधनात आहे. मुलगी दक्षिण आफ्रिकेत असते. दोघांनीही लग्नं तिकडच्याच माणसांशी केली. दोघांना एकेक मुलगी, चार-पाच वर्षांची. एकदा फोनवर अण्णांचा चेहरा दिसताच इस्राएलची नात म्हणाली, "मी झे?" अण्णा हरखले. नात 'मी' म्हणाली, मराठी बोलली! "व्हय गं माय, तू! तूच!" असं ते ओरडत राहिले. मुलगा तिकडे हसून म्हणाला, "अप्पा, हिब्रूत 'मी' म्हणजे कोण. हा कोण हाय, असं ती विचारायलीय." अण्णा फोन ठेवून गोठ्यात गेले. दुपारचं जेवले नाहीत. संध्याकाळी बाहेर आले ते हिब्रू शिकायचं ठरवूनच. आणि एकीची भाषा शिकायची, दुसरीची नाही, हा दुजाभाव नको म्हणून आफ्रिकान्ससुद्धा.

हिब्रूची अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. अण्णांना वडिलांनी लहानपणी उर्दू शिकवलेली, त्यामुळे त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्रास झाला तो घरच्यांना. आफ्रिकान्समध्ये 'नाही' बहुधा दोनदा म्हणतात, एकदा मधे, एकदा शेवटी. अण्णांनी तो नियम घरात लागू केला. "मी न्हाई जेवणार न्हाई," असं ते म्हणाले की अक्का ताट घेऊन दारातच उभ्या राहत. "जेवणार का उपाशी राहणार, ते एकदा नीट सांगा!"

निंबर्ग्याच्या एका लग्नात तर कहरच झाला. नवरीच्या आईने पंगतीत स्वतः येऊन अण्णांना आग्रहाने पोळी वाढली. अण्णांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "बाया डांकी!" अख्ख्या पंगतीचे हात ताटात थांबले. त्या माउलीचा चेहरा लाल झाला. "आमा बायांना गाढव म्हणालाव व्हय, डॉक्टर?" आफ्रिकान्समध्ये त्याचा अर्थ 'फार आभार' असा होतो, हे मी चार पाहुण्यांना समजावत फिरलो. एकालाही पटलं नाही.

त्या रात्री परतताना गाडीत मी जरा चिडूनच म्हणालो, "अण्णा, हिब्रू एक वेळ समजू शकतो. पण आफ्रिकान्स? काळ्या माणसाला बाकावर बसू नको म्हणून सांगणाऱ्यांची भाषा ती. तिच्या सक्तीविरुद्ध शाळेतली पोरं रस्त्यावर आली होती. आपण बाबासाहेबांची माणसं!"

अण्णा म्हणाले, "पावणं, आपल्या आज्याला 'लांब हो' कुठल्या भाषेत म्हणले हुते? मराठीतच की. म्हणून आपण मराठी सोडलाव का?" ते पुढे म्हणाले, "आफ्रिकान्सला आधी सैपाकघरातली भाषा म्हणून हसत हुते. गुलामांच्या, गड्यांच्या तोंडात वाढली ती. मुसलमानांनी तर ती अरबी अक्षरात लिहिली. आन् हिब्रूचं उलटं. ती नुसती पोथीत न् प्रार्थनेत उरली हुती, लोकांनी ती सैपाकघरात आणली. एवढी वर्षं निपचित पडलेलं जनावर उठून चराया लागलेलं मी नोकरीत कधी बघितलो न्हाई."

डिसेंबरात दोन्ही नाती आल्या. अण्णा दारातच एकीशी हिब्रू आणि दुसरीशी आफ्रिकान्स बोलले, आणि त्यांचा मुलगा सामान हातात घेऊन बघतच राहिला. "अप्पा, तुमी पोथीतलं बोलायलाव," तो म्हणाला, पण पोरीला कळत होतं. ती 'सबा' म्हणून एका मांडीवर बसली, दुसरी 'ओपा' म्हणून दुसऱ्या मांडीवर; दोन्हींचा अर्थ आजोबाच. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. भांडायचं झालं तरी अण्णांमार्फत. हिची तक्रार ऐकायची, तिला तिच्या भाषेत सांगायची, तिची शिवी जरा सौम्य करून हिला द्यायची. अण्णा इतके खूश मी कधीच पाहिले नव्हते.

तीन आठवड्यांनी गेलो तर पोरी गल्लीत शेजारच्या मुलींबरोबर खेळत होत्या. आफ्रिकेच्या नातीने इस्राएलच्या नातीचा चेंडू पळवला होता. ती पाय आपटत ओरडली, "कामून घ्यायलीस? माजा हाय त्यो!"

"न्हाई देत, जा!"

मी थक्क होऊन अण्णांकडे पाहिलं. ते खळखळून हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चष्मा पुसत पुसत म्हणाले, "माझं काम संपलं की, पावणं."

परवा पुन्हा हिप्परग्याला गेलो होतो. बाजेवर फोन उशीला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर दोन देशांतल्या त्या दोघी आपसात बोलत होत्या, आपल्याच मराठीत. दोघींना समजेल अशी दुसरी भाषा अजून त्यांच्याजवळ नाही. अण्णा मात्र फोनसमोर नव्हते. बाजेच्या दुसऱ्या टोकाला, पडद्यावर दिसणार नाही असे, अंग चोरून बसले होते.

"तुमी कामून बोलत न्हाई?" अक्कांनी आतून विचारलं.

"मधी कशाला?" अण्णा हळूच म्हणाले. "शाळंत जायला लागल्या की इंग्रजी येईल दोघींना. मग हे संपंल. तवर बोलू दे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले.